काचेच्या फुग्यावरची रेघ

त्या माणसाशी माझं पहिल्या दिवसापासून जमलं नाही, आणि जमवून घ्यावं असं आम्हा दोघांपैकी कुणालाच कधी वाटलं नाही. तो काच फुंकायचा आणि मी त्या काचेवर रंगकाम करायचे. दोन वर्षं आम्ही एकाच पत्र्याच्या शेडमध्ये समोरासमोर बसलो. त्याच्या हातात कसब होतं, हे मला तेव्हाही दिसत होतं. पण तो माणूस मला आवडला नाही, आणि आज इतक्या वर्षांनी त्याच्याबद्दल लिहिताना मी काही गोड व्हायचं ठरवलेलं नाही.

मी मूळची कोरेगावची, कुंभाराच्या घरातली. वडील गणपती करायचे. मूर्तीची आखणी, म्हणजे डोळे, भुवया, कपाळावरचं गंध, हे काम मी परकर घालत होते तेव्हापासून माझ्याकडे असायचं. लग्न होऊन सांगलीला आले तेही कुंभाराच्याच घरात. नवरा फौजेत, लांब पूर्वेकडं. तो वर्षातून एकदा सुट्टीवर यायचा. घरी मी आणि सासूबाई. बहात्तरच्या दुष्काळानंतर दोनेक वर्षांनी, गणपतीच्या आधी आमच्या मांडवात एक शेठ आले. ते कुणाबरोबर तरी सहज आले होते. मी एका मोठ्या मूर्तीचे डोळे काढत होते, तर माझ्यामागं कितीतरी वेळ उभे राहिले.

"बाई, हात जरासुद्धा हलत नाही तुमचा," ते म्हणाले. "काचेवर काम कराल का?"

काचेवर म्हणजे काय हे मला कळलं नाही. मी सासूबाईंकडं बघितलं. सासूबाई म्हणाल्या, "सणाचा महिना सरला की रिकामीच बसती ती. जाईल की."

शेठचं शेड सांगली-मिरज रस्त्यापासून थोडं आत होतं. आधी तिथं शाळांच्या प्रयोगशाळेसाठी परीक्षानळ्या आणि औषधाच्या कुप्या व्हायच्या. मग मुंबईच्या कुणा व्यापाऱ्यानं त्यांना परदेशात पाठवायचं काम दिलं. ते होतं नाताळच्या झाडाला टांगायचे काचेचे फुगे. शेठनी नमुना म्हणून आलेला एक फुगा कापसात गुंडाळून कपाटात ठेवला होता. लाल रंगाचा, आतून चांदीसारखा चमकणारा, वर एक उतरत्या छपराचं घर आणि घरावर पांढरं काहीतरी साठलेलं. मला वाटलं, गुऱ्हाळात काहिलीवर येते तशी मळी आहे. रंगकामाला मिरजेच्या मिशन कंपाउंडातल्या दोन मुलीही होत्या. त्यांतली एक हसली आणि म्हणाली, "ते बर्फ हाय, ताई."

"तुमच्याकडं असले फुगे लावतात व्हय?"

"कुठलं! आमी कागदाची चांदणी करतो."

म्हणजे ज्या सणासाठी आम्ही हे करणार होतो, तो सण ज्यांच्या घरी होता त्यांच्याकडंही असला फुगा नव्हता. आम्ही सगळ्याच हसलो. तेवढ्यात शेडच्या दुसऱ्या टोकाकडून आवाज आला, "हसायला बसवलंय का रंगवायला?"

तो तोच होता. सगळे त्याला मिस्त्री म्हणायचे. चाळिशी उलटलेला, काटक, गाल आत गेलेले. सातारा जिल्ह्यात कंदिलाच्या काचा करणाऱ्या एका कारखान्यात त्याचं अर्धं आयुष्य गेलं होतं. तिथून सुटल्यावर शेठनी त्याला आणलं. त्याच्यासमोर टेबलावर ज्योत असायची आणि पायाखाली भाता. पायानं भाता दाबला की ज्योत निळी, लांब आणि टोकदार व्हायची. काचेची लांब नळी तो त्या ज्योतीत फिरवायचा. काच तापली की ज्योत पिवळीधमक व्हायची. मग नळी ओढून तो तिचे तुकडे पाडायचा. दोन्ही बाजूंना बारीक शेपटं आणि मधे बोटभर जाड काच. एका बाजूचं शेपूट ज्योतीतच बंद करायचं, दुसरं ओठात. मधली काच फिरवत फिरवत तापवायची, ती मधासारखी लोंबायला लागली की ज्योतीबाहेर काढायची आणि फुंकायची, एकाच श्वासात. डोळ्याची पापणी लवावी तेवढ्या वेळात लिंबाएवढा, संत्र्याएवढा फुगा तयार. तो बघताना मी पहिल्या दिवशी ब्रश हातात धरून तशीच उभी राहिले होते.

पुढचं काम त्याच्या बायकोचं होतं. ती फुग्याच्या शेपटातून आत चांदीचं पाणी घालायची, दुसरं पाणी घालायची, आणि गरम पाण्याच्या घमेल्यावर फुगा हलवत राहायची. आधी आतलं पाणी तपकिरी दिसायचं, मग काळं, आणि मग एकदम सगळा फुगा आरशासारखा उजळायचा. त्या पाण्यानं तिची बोटं नखांपर्यंत काळी पडली होती. धुऊन ते जात नसे. मग फुगा रंगाच्या लाखेत बुडवायचा, खिळे ठोकलेल्या फळीवर उलटा वाळवायचा, आणि तो आमच्याकडं यायचा. आम्ही नक्षी काढायची. सगळ्यात शेवटी शेपूट कापून तिथं पत्र्याची टोपी आणि तारेची कडी बसवायची.

पहिला फुगा रंगवून मी खिळ्यावर ठेवला तेव्हा मिस्त्री उठून आला. बघितला. म्हणाला, "काच उघडी असती तवर काच असती. तुमी रंग फासला की झालं मडकं."

मी कुंभाराची हे त्याला माहीत होतं.

"मडक्यात पानी तरी ऱ्हातंय, मिस्त्री," मी म्हणाले. "तुमच्या फुग्यात काय ऱ्हातंय?"

मुली खाली मान घालून हसल्या. त्याची बायको हसली नाही. तिनं माझ्याकडं असं बघितलं, जणू मी तिच्या ताटात हात घातला होता.

खरं भांडण सुरू झालं ते खिडकीवरून. वारा आला की त्याची ज्योत हलायची, काच एका बाजूनं जास्त तापायची आणि फुगा बिघडायचा. त्यामुळे त्याला खिडकी बंद पाहिजे. लाखेचा आणि रंगाचा वास असा की तासाभरात डोकं जड व्हायचं, म्हणून आम्हाला ती उघडी पाहिजे. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं आणि आमचंही नव्हतं. शेठनी खिडकीच्या वेळा ठरवून दिल्या असत्या तर भागलं असतं. पण शेठ ज्याच्याशी बोलत असतील त्याचंच त्यांना पटायचं. मी खिडकी उघडली की तो न बोलता उठून लावायचा. मी परत उघडायचे. एप्रिल-मे महिन्यात वर पत्रा तापलेला, आत ज्योत पेटलेली, आणि आमचं हेच चाललेलं. एका सकाळी येऊन बघते तर खिडकीला चौकटीसकट चार खिळे ठोकलेले.

"हे कुणी केलं?" मी विचारलं.

"मी," तो म्हणाला. "तुला वास येत असंल तर घरी बस."

त्याच आठवड्यात मिशनमधली धाकटी मुलगी रंगवता रंगवता बाकावरून खाली घसरली. आम्ही तिला ओढत बाहेर लिंबाखाली नेलं, तोंडावर पाणी मारलं. परत आत आले तेव्हा तो फुंकतच होता. त्यानं मानही वळवली नव्हती. मी त्याच्यासमोर उभी राहून म्हणाले, "पोरगी मेली असती तर?"

त्यानं ओठातलं शेपूट काढलं. "मेली न्हाई न्हवं? मग उजेडातनं बाजूला हो."

दुसरी गोष्ट फुटणाऱ्या फुग्यांची. नुसता हातात धरला तरी चुरा व्हावा असे फुगे माझ्याकडं यायला लागले. एका बाजूला काच जाड, दुसऱ्या बाजूला कांद्याच्या सालीइतकी पातळ. धरायला जावं तर अंगठा आत जायचा. माझा उजवा अंगठा त्या उन्हाळ्यात सतत चिंधीत बांधलेला होता. शेठचा नियम होता, ज्याच्या हातात फुटला त्याचा दोष. मी एकदा तसे सात-आठ फुगे उचलून न रंगवता त्याच्या टेबलावर नेऊन ठेवले.

"हे परत घ्या. पातळ हायत."

त्यानं एक उचलला, माझ्या डोळ्यांत बघत मुठीत दाबला आणि चुरा माझ्या पायाशी टाकला. मग दुसरा. सगळे फोडले. त्याच्या तळव्यातून रक्त येत होतं ते त्यानं धोतराला पुसलं. "हात मऊ पाहिजे," म्हणाला. "गाडग्याला थापट्या मारनाऱ्या बाईला काच कळायची न्हाई."

मी एकदा त्याच्या बायकोशी बोलायचा प्रयत्न केला. ती आमच्यात कधी जेवायला बसत नसे. दुपारी आम्ही भाकऱ्या घेऊन लिंबाखाली जायचो, ती आतच राहायची, नवऱ्याबरोबर. मी म्हणाले, "आक्का, तुमीच सांगा की त्यांना. तुमचं तरी ऐकतील."

ती घमेल्यावरचा फुगा हलवत राहिली. "माज्या नवऱ्याचं गाऱ्हाणं माज्याकडं आनू नगंस," ती म्हणाली. "आनि आक्का म्हनू नगंस."

त्यानंतर कितीतरी महिने मी तिच्याशी बोलले नाही.

आता रेघेचं सांगते. फुग्याच्या मधोमध चहूबाजूंनी जाणारी एक सोनेरी रेघ असायची, वर-खाली बर्फाचे ठिपके. ही रेघ काढताना ब्रश हलवायचा नसतो. खारीच्या केसांचा ब्रश एका जागी धरायचा, आणि डाव्या हातानं फुगा शेपटाला धरून फिरवायचा. फुगा गोल असेल तर रेघेचं शेवटचं टोक पहिल्या टोकाला येऊन बिनचूक मिळतं, जाडीही सारखी राहते. फुगा वाकडा असेल तर रेघ कुठं जाड होते, कुठं तुटते. पहिल्याच महिन्यात माझ्या लक्षात आलं की दिवस चढल्यावरच्या फुग्यांवर माझी रेघ बिघडते. सकाळचे फुगे चांगले. अकराच्या पुढचे वाकडे. जेवणाच्या सुट्टीनंतर फळीवर काही फुगे असे असायचे की त्यांच्यावर रेघ लोण्यातून सुरी फिरावी तशी जायची, आणि मग परत वाकडे. मला वाटलं, जेवल्यावर याचं डोकं ठिकाणावर येत असेल. मी त्याहून जास्त विचार केला नाही. वाकड्या फुग्यांवर मी रेघेऐवजी फुलं काढायचे, बर्फ जास्त भरायचे. वाकडेपणा त्यात झाकून जायचा. म्हणजे वर्षभर मी त्याचंच काम सांभाळत होते, आणि तो मला गाडगी थापणारी म्हणत होता.

मग तो दिवस. मुंबईच्या व्यापाऱ्याचा माणूस माल बघायला येणार होता. आदल्या दिवशी मी एक फळीभर फुगे काढले होते, चोवीस. घर, झाडं, बर्फ, छपरावर धुराडं. माझ्या हातून इतकं चांगलं काम आधी झालं नव्हतं. रंग ओलाच होता. संध्याकाळी आम्ही निघायच्या बेतात असताना मिस्त्री रॉकेलचा बोळा घेऊन आला आणि एक फुगा उचलून त्यानं पुसला. आम्ही तिघी बघत राहिलो. मग दुसरा पुसला. खालची लाल लाख आणि चांदी उघडी पडली.

"बघा," तो म्हणाला. "खाली काय हाय ते दिसू दे मुंबईवाल्याला."

त्यानं सगळे पुसले. मी त्याला अडवलं नाही. मी त्याचे हात बघत होते, आणि उद्या काय करायचं ते माझं तिथंच ठरलं.

दुसऱ्या दिवशी मी सकाळी लवकर आले. आधी पुसलेली फळी घेतली. त्यावर सकाळचे, दुपारचे सगळे फुगे होते. त्यांतले वाकडे बाजूला काढले, आणि त्यांच्यावर दुसरं काहीही न काढता फक्त एक सोनेरी रेघ काढली. फुलं नाहीत, बर्फ नाही. ज्या फुग्यावर रेघ तुटली तिथं ती तुटलेलीच ठेवली. आणि ते सगळे टेबलाच्या पुढच्या बाजूला मांडून ठेवले.

मुंबईचा माणूस तरुण होता, पँट-शर्टातला, घाईतला. त्यानं एक फुगा दोऱ्याला बांधून गरकन फिरवला. रेघ वरखाली उड्या मारायला लागली.

"हे काय? हे असं का दिसतंय?"

शेठ माझ्याकडं बघायला लागले. "बाई, आज हात हलला का तुमचा?"

"रेघ सरळ हाय," मी म्हणाले. "फुगा वाकडा हाय. दुपारचं बहुतेक वाकडं असत्यात. मी वरसभर झाकलंय."

भात्याचा आवाज थांबला. मुंबईचा माणूस म्हणाला, "मग मिस्त्री, माझ्यासमोर एक करून दाखवा."

मिस्त्री बसला. नळी तापवली, ओढली, शेपूट बंद केलं. हाताची सफाई तीच होती, त्यात कुठं उणं नव्हतं. काच लोंबायला लागली. त्यानं फुंकली. फुगा अर्धा आला आणि त्याला खोकल्याची ढास लागली. श्वास परत घेईपर्यंत काच एका बाजूनं निवली होती. त्यानं पुन्हा फुंकलं तेव्हा गरम राहिलेल्या बाजूनं फुगा गळवासारखा वर आला आणि फुटला. पातळ चकाकणारे कपटे हवेत उडाले. त्यानं दुसरी नळी घेतली. परत तेच. तिसऱ्या वेळी तो नळी हातात घेऊन नुसता बसून राहिला. तो धापा टाकत होता.

तेव्हा मला कळलं की त्याचा श्वास पुरत नव्हता. ते पातळ फुगे दोन श्वासांत फुंकलेले होते. किती फुगे आजारानं पातळ झाले आणि किती माझ्यावरच्या रागानं, हे मला तेव्हाही सांगता आलं नसतं आणि आजही येत नाही. रागानं केलेले होतेच, एवढी माझी खात्री आहे.

घमेल्याजवळून त्याची बायको उठली. पदराला हात पुसले. ती त्याच्याजवळ येऊन उभी राहिली, आणि तो बाजूला सरकला. ती बसली. भात्यावर पाय ठेवला. तिच्या काळ्या बोटांत नळी फिरायला लागली, सारख्या वेगानं, जरासुद्धा न अडखळता. ज्योत पिवळी झाली. तिनं नळी बाहेर काढली, डोळे मिटले आणि फुंकली.

तो फुगा मी अजून विसरलेले नाही. शेठ पुढं झुकले. मुंबईच्या माणसानं तो हातात घेतला, फिरवला, आणि माझ्यापुढं धरला. "बाई, रेघ मारा."

मी ब्रश टेकवला, फुगा फिरवला. टोकाला टोक मिळालं.

जेवणाच्या सुट्टीत आम्ही बाहेर लिंबाखाली बसायचो तेव्हा आत कोण फुंकत होतं, हे त्या क्षणी शेडमधल्या प्रत्येकाला समजलं. दुपारचे ते चांगले फुगे तिचे होते. नवऱ्याचं दिवसाचं काम पुरं व्हावं म्हणून ती उपाशीपोटी फुंकत होती, आणि नंतर घमेल्यावर बसत होती. मी फुगा तिच्याकडं परत दिला. काहीतरी बोलावं म्हणून म्हणाले, "लय चांगला झालाय."

तिनं तो घेतला. सगळ्यांसमोर, हलक्या आवाजात म्हणाली, "तुला वाटतंय तू खरं बाहेर काढलंस. मला ते आदीपास्नं म्हाईत हुतं. मी झाकत हुते. तुजं काय जात हुतं झाकायला? गप बसाया काय झालं हुतं?"

"त्यांनी माजं काम पुसलं."

"पुसू दे की. परत काढलं असतंस."

मला याच्यावर उत्तर होतं. खिडकीचं होतं, बेशुद्ध पडलेल्या मुलीचं होतं, अंगठ्याच्या चिंध्यांचं होतं. पण तिनं विचारलं होतं ते यांपैकी कशाबद्दलच नव्हतं.

काम टिकलं. शेठना फुंकणारा पाहिजे होता, बाई आहे की पुरुष याची त्यांना फिकीर नव्हती. दुसऱ्या दिवसापासून ती ज्योतीपुढं बसली. मिस्त्रीला मिरजेच्या दवाखान्यात नेलं. फुप्फुसाचं दुखणं होतं. डॉक्टरांनी फुंकायचं कायमचं बंद केलं. महिन्याभरानं तो परत आला आणि बायकोच्या जागेवर घमेल्याजवळ बसला, चांदी चढवायला. त्याचीही बोटं काळी पडली. मला वाटलं होतं तो आता गप्प होईल. तो झाला नाही. माझ्या हातात फुगा देताना तो शेपूट सोडायचा नाही, मी दोनदा ओढल्यावर सोडायचा. मी रंगात टर्पेंटाइन जास्त घातलं की खोकला येतो म्हणून शेठकडं तक्रार करायचा. खोकला त्याला खरोखर येत होता, पण मी टर्पेंटाइन कमी केलं नाही. मी तसं मुद्दाम केलं हे इथं लिहून ठेवते.

ती दिवसभर फुंकायची. आमच्या दोघींत जे बोलणं व्हायचं ते मिशनच्या मुलींमार्फत. "तिला सांग, मोठे दहा पाहिजेत." "तिला सांग, दुपारपर्यंत देते." तीन हातांवर बसलेल्या बाईशी असं बोलण्याचं एखाद्याला हसू येईल. आम्हाला कधी आलं नाही.

पुढच्या हंगामानंतर मुंबईच्या व्यापाऱ्याचं काम बंद झालं. लोक प्लॅस्टिकचे फुगे घेतात, पडले तरी फुटत नाहीत, असं शेठनी सांगितलं. शेड परत कुप्यांवर आलं. कुप्यांना नक्षी लागत नाही, म्हणून आम्हा तिघींना रजा मिळाली. त्याच सुमारास माझ्या नवऱ्याला कुटुंबासाठी क्वार्टर मिळालं आणि मी सांगली सोडली. निघायच्या आधी शेठना भेटायला गेले होते. ती ज्योतीपुढं होती, तो आत कुठंतरी खोकत होता. मी दारातूनच परत फिरले.

वर्षभरानं सासूबाईंनी शेजारच्या मुलाकडून लिहवून घेतलेलं पत्र आलं. त्यात पावसाचं होतं, म्हशीचं होतं, आणि शेवटी दोन ओळी. मिस्त्री वारला. बायको तेराव्यानंतर दुसऱ्या दिवशी परत कामावर गेली. मी ते पत्र नवऱ्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "तुला वाईट वाटलं असंल."

"न्हाई," मी म्हणाले आणि स्टोव्ह पेटवायला उठले.